मनोऱ्यावरचा दादा

२६ मे

आधी या वहीची माफी मागते. शेवटची नोंद आईच्या गोळ्यांची आहे, तिच्याखाली अर्धं पान कोरं. त्यानंतर आई गेली, हिवाळा गेला, आणि मी वहीचं तोंड पाहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. घडलं, पण ते अक्षरात बघायची इच्छा नव्हती.

आज वही उघडली ती ससाण्यांमुळे. समोर जुन्या टेलिफोन कचेरीचा मनोरा आहे. कचेरी केव्हाच बंद झाली, मनोरा उभा आहे. त्याच्या वरच्या कठड्यावर एका जोडीने घरटं केलंय हे आई असताना मला माहीत होतं, पण तेव्हा खिडकीशी उभं राहायला वेळ नव्हता. आज दुपारी ऊन पडद्यातून पाण्यासारखं झिरपत होतं, आणि कठड्यावर एक नाही, तीन पिल्लं बाहेर येऊन बसलेली दिसली. बाबांची दुर्बीण शोधून काढली. तिची एक काच थोडी धुरकट आहे. त्यामुळे पिल्लं जरा स्वप्नातल्यासारखी दिसतात.

वहीशी प्रामाणिक राहायचं तर हेही लिहायला हवं: आईला नेलं त्या दिवसानंतर मी जिना उतरलेले नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, ताई आणि भाऊजी तळमजल्यावर, तिथेच ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान. माझं काम घरी बसून होतं. जाड पुस्तकांच्या शेवटी विषयांची सूची असते, ती मी बनवते. पुस्तकं घरी येतात, सूची घरून जाते. तेव्हा उतरायची गरज पडत नाही, हे माझं म्हणणं. ताईचं म्हणणं निराळं आहे, पण ती बोलून दाखवत नाही. म्हणजे दिवसातून एकदाच दाखवते.

दुपारी ती डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवते. आईची शेगडी मी अजून पेटवलेली नाही.

२९ मे

दोघं उडाली. लहानखुरी दोघं. उडाली म्हणजे पडली, आणि पडता पडता पंखांना काहीतरी आठवलं. मनोऱ्याला एक फेरी मारून, कठड्यावर उतरायचं ते एकाने भिंतीलाच धडक दिली.

तिसरं पिल्लू सगळ्यात मोठं, धष्टपुष्ट. ते बसून राहिलं. त्याचं नाव दादा ठेवलं. थोरला भाऊ, धाकट्यांची मजा बघतोय.

३ जून

दादाही उडाला. खरं तर वाऱ्याने उचलला. कचेरीच्या पत्र्यावर पोटावर उतरला आणि इकडे तिकडे पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून. मी बघितलं.

आज ताई आत येऊन बसली. कोणाच्या तरी पँटची दुमड उसवायला घेऊन आली होती. तिला दुर्बीण दिली. तिला काहीच दिसेना, मग दिसलं, मग बराच वेळ तिने दुर्बीण परत दिली नाही.

"आता यांना खायला कोण देतं?"

"आईबापच. बाहेर पडली म्हणून लगेच शिकार थोडीच येते? महिना दीड महिना पोसावं लागतं."

"चोचीत भरवतात?"

"घरट्यात असताना. आता नाही. आता कठड्यावर आणून ठेवतात आणि बाजूला होतात."

"अगदी पुढ्यात?"

"आधी पुढ्यात. मग जरा लांब. मग आणखी लांब. पिल्लाला हलावंच लागतं."

ताईने दाताने दोरा तोडला. "आणि नाही हललं तर?"

"ओरडतं."

"मग?"

"मग ओरडून ओरडून हलतं. बहुतेक."

"बहुतेक," ताई म्हणाली, आणि पँटची घडी घातली.

जाताना मी विचारलं, तिकीट काढलं का. भाची दूरच्या गावी असते, जुलैच्या अखेरीस बाळंत होईल, तिच्या सासरी मोठं माणूस नाही. ताईला तीन महिने तरी जावं लागणार. ती म्हणाली, "बघू." गेल्या महिन्यातही 'बघू'च म्हणाली होती. तिचं तिकीट माझ्यामुळे अडलंय हे मला कळतं. मी म्हणते, तू जा, माझं मी बघेन. ती डब्याकडे बघते. मग आम्ही दोघी दुसरं काहीतरी बोलतो.

४ जून

डबा स्टुलावर नव्हता. मला वाटलं ताईला उशीर झाला. तासाभराने वाकून पाहिलं, तर जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या फळीवर. वरून हाक मारली.

खालून ताई: "अगं, गुडघा धरलाय. तिथपर्यंतच चढवलं. घे ना जरा उतरून."

तिचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. मी इतकी स्वतःत गुंतले आहे की सख्ख्या बहिणीचा गुडघा मला कळत नाही. वळणापर्यंत उतरले. मोजून दहाबारा पायऱ्या असतील, पण भिंत धरून एकेक उतरले. डबा घेऊन वर आले तेव्हा भात गारढोण.

७ जून

वाचनालयातून ताईकरवी मागवलेलं पुस्तक आलं. एक दुरुस्ती नोंदवायची आहे. ससाण्यांमध्ये मादी मोठी, नर लहान. म्हणजे मनोऱ्यावरचा मोठा पक्षी, ज्याला मी बाप समजत होते, ती आई. आणि दादा ही मुलगी आहे.

ताईला सांगितलं. म्हणाली, "मग नाव बदल."

"आता सवय झाली."

"राहू दे. दादागिरी करणाऱ्या मुली मी पाहिल्यात. एक तर याच घरात वाढवली."

तिने मला वाढवलं हे तिचं नेहमीचं पालुपद आहे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई कामावर जायची तेव्हा वेण्या तीच घालायची, केस ओढून. पुस्तकात असंही आहे की मोठ्या असल्यामुळे माद्या उडायला उशीर करतात. अंग जड, म्हणून शिकायला वेळ. हे वाचून दादाबद्दलचं माझं मत थोडं निवळलं. तिला मी आळशी लिहिणार होते.

९ जून

डबा सगळ्यात खालच्या पायरीवर. ताई दुकानातून ओरडली की गिऱ्हाइकांची रांग लागलीये. मी जिन्यात थांबून ऐकलं. शिलाई मशीन चालू होतं, पण माणसांचा आवाज मला काही ऐकू आला नाही. रांग शांत असेल.

११ जून

दिवसभर वारा. पडदा खोलीभर तरंगत होता, आणि मी त्याच्याखाली बसून पान चारशेपर्यंत सूची केली.

दुपारी मादीने कबुतर आणलं. तिघंही ओरडत होती. ती कठड्यावर आलीच नाही. मनोऱ्याच्या पलीकडच्या टोकाला, पिल्लांकडे पाठ करून बसली. बऱ्याच वेळाने कबुतर तिथेच टाकून उडून गेली. विसरली असावी. लहान दोघं धावत सुटली. दादा ओरडत राहिली. तिच्या वाट्याला पिसं आली.

इतकी चांगली शिकारी आणि अशी विसरभोळी.

१३ जून

डबा पायरीवरही नाही. मी पायरीवर उभी. दुकानाचं दार चार पावलांवर, मधे उघडं अंगण. वर आकाश होतं. असतंच, पण खिडकीतलं आकाश चौकटीत असतं.

गेले. इस्त्रीच्या वाफेचा वास, जमिनीवर कापडाच्या कातरणी, मशीनपाशी ताई. डबा कापायच्या टेबलावर, मापाच्या फितीखाली. ताईने मान वर केली नाही.

"आलीस? तो खडू दे ना जरा."

जणू मी रोज येते. खडू दिला. एक गिऱ्हाईक बाई कोटाचं बटण घेऊन उभी होती, तिने मला नमस्कार केला, मीही केला. वर येऊन दार लावलं तेव्हा दरदरून घाम फुटला होता. डबा उघडायला अर्धा तास लागला.

ताई डबा टेबलावरच विसरली होती म्हणे. म्हणाली, "अगं, वर आणायचाच राहिला."

१४ जून

स्वप्नात आई खिडकीशी उभी होती आणि विचारत होती, "बाहेर कोण आलंय?" शेवटच्या वर्षी ती रोज विचारायची. मी म्हणायचे, कोणी नाही. स्वप्नात मी म्हटलं, "बघून येते."

१७ जून

आज डबा नाही. कुठेच. दुपार टळली, चार वाजले. बिस्किटं खाल्ली. रागही आला, मग रागाची लाज वाटली. दोन्ही हात धड असलेली बाई, भरवलं नाही म्हणून रुसते.

परवा ताईने विचारलं होतं, उपाशी ठेवतात का गं त्यांना. मी म्हटलं, ठेवतात असं नाही, पण रोज थोडं कमी आणतात. पोट भरलेलं पिल्लू कठडा सोडत नाही. त्यावर तिने हातातलं शिवण खाली ठेवलं होतं. मऊ मनाची आहे, तिला पक्ष्यांचंही वाईट वाटतं.

संध्याकाळी शेवटी आईची शेगडी पेटवली. काडी तीनदा विझली. एक अंडं उकडलं. निम्मं कच्चं राहिलं तरी खाल्लं.

तेवढ्यात भाऊजी वर आले. भाऊजी गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी बसून त्यांचा आवाज कायम बेताचा झालाय, कोणाला दचकवायचा नाही असा.

"मेहुणीबाई, काही खाल्लंत का?" थट्टेत असले की ते मला अहोजाहो करतात. आज थट्टेत नव्हते तरी केलं.

"अंडं."

"कोणी केलं?"

"मीच. का?"

ते खिडकीशी गेले, आले. "काही नाही. तुझी ताई दुपारपासून जेवली नाही. नुसती मशीनवर बसलीये. आता सांगतो तिला."

"काय सांगता?"

"अंडं," म्हणाले आणि पायऱ्या दोन दोन उतरत गेले.

या दोघांचं भांडण झालेलं दिसतं. मधे पडावं की नाही कळत नाही.

२० जून

लहान दोघं आता हवेत खेळतात. एक खाली, एक वर. खालचा उलटा होतो, पाय वर करतो, वरच्याचे पंजे धरल्यासारखे करून सोडून देतो. वाऱ्यावरचं पान पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. हा त्यांचा अभ्यास. दादाने आज एक पीस धरलं. कबुतर नव्हे, कबुतराचं पीस. ते घेऊन कठड्यावर आली आणि खूप गंभीरपणे त्याला फाडलं.

ताईला हे सांगितलं तेव्हा पोट धरून हसली. मग म्हणाली, "आणि मोठे? मोठे आता काय करतात?"

"शिकार घेऊन येतात आणि पिल्लांच्या समोरून उडत जातात. देत नाहीत. पिल्लांनी पाठलाग करायचा. जवळ आलं की वरून सोडून देतात, हवेतच झेलायचं."

"चालत्या गाडीतून दिल्यासारखं."

"साधारण."

२२ जून

ही नोंद कशी लिहावी कळत नाही, कारण यात हसण्यासारखं आणि भिण्यासारखं एकत्र आहे.

दुपारी दुकानात गेले. (हल्ली जाते. सवयीचा भाग झालाय.) ताई माझा डबा हातात घेऊन दुकानातून बाहेर पडली, माझ्या समोरून गेली, आणि भाऊजींच्या शिकवणीच्या गाडीत मागे बसली. पुढे एक घामाघूम झालेले गृहस्थ चाकाशी, शेजारी भाऊजी. मी म्हटलं, "ताई, डबा!" तिने ऐकलं नाही. गाडी सुटली. सुटली म्हणजे तीन आचके देऊन चालायला लागली.

मी मागे गेले. पायात घरातल्या सपाता. शिकाऊ माणूस चालवत असल्यामुळे गाडी इतकी हळू जात होती की धावावं लागलं नाही, भरभर चालले तरी पुरलं. कोपऱ्यावर ती बंद पडली. मी खिडकीशी पोचले. ताईने काच खाली करून डबा माझ्या हातात दिला.

"अगं बाई, हातातच राहिला की माझ्या."

भाऊजी समोर बघत होते. कान लाल. शिकाऊ गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही ओव्हरटेक केलंत."

परत येताना रस्ता उन्हात पांढरा, मऊ दिसत होता, जणू कोणीतरी नुकताच धुऊन अंथरलाय. झाडांची नावं मला आठवत होती. घराशी आल्यावर जाणवलं की मी रस्त्यावर गेले होते.

पण ते दुय्यम. महत्त्वाचं हे: आधी टेबलावर विसरला. सतरा तारखेला अख्खा डबाच विसरली. आज हातात असून विसरली. आईचंही असंच सुरू झालं होतं. किल्ली फ्रीजमध्ये, चष्मा तांदळाच्या डब्यात. आम्ही हसलो होतो.

२७ जून

आज डबा बागेतल्या बाकावर, आणि ताई त्याच्या शेजारी बसलेली. मी तिला शोधत शोधत तिथवर गेले. "इथे काय करतेस?" म्हटलं, तर म्हणाली, "बसले जरा, वेळेचं भानच राहिलं नाही."

भान राहिलं नाही. तिचेच शब्द आहेत, मी बदललेले नाहीत.

तिच्यासमोर बसून जेवले.  ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत इतकं समाधान होतं की मला आईची शेवटची वर्षं आठवली. तेव्हा आईही अशी कारण नसताना सुखी दिसायची.

१ जुलै

भाऊजींना गाडीत गाठलं. शिकवणी संपली होती, ते एकटे होते. मी शिकाऊच्या जागेवर बसले आणि सगळं सांगितलं. तारीखवार.

ते ऐकताना आधी खोकले. मग चुकून वायपर सुरू झाला, तो बंद करायला त्यांना वेळ लागला.

"तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"भाऊजी, जवळच्या माणसाला हे सगळ्यात शेवटी कळतं. मलाही शेवटीच कळलं."

"अगं पण..." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी शपथेत अडकलोय."

"कसल्या?"

"कसल्याच नाही. हे बघ, माझ्या बाजूलाही ब्रेक असतो ना. पाय त्याच्यावर असतो. पण दाबायचा नसतो, नाहीतर समोरचा कधी शिकत नाही. एवढंच सांगू शकतो."

घाबरून माणूस असंबद्ध बोलतो. त्यांची कीव आली. एकटे पडलेत बिचारे.

२ जुलै

ताईशी बोलले. बोलायला नको होतं का? रात्रभर विचार करून ठरवलं होतं, तरी शब्द चुकलेच.

म्हटलं, "तू एवढ्यात जाऊ नकोस. तुझी तब्येत दाखवून घेऊ आधी."

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

"तू विसरतेस."

तिने मशीन थांबवलं. "मी विसरत नाही गं."

"आईही असंच म्हणायची."

ताईचा चेहरा असा झाला जसा मी कधी पाहिला नव्हता. तिने तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होती. मग माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या बाहेरच्या चपलांकडे पाहिलं (मी बाहेरून फळं आणली होती, तिच्यासाठी), आणि तोंड मिटलं.

"बरं," म्हणाली. "तू म्हणतेस तसं. नाही जात."

खोलीत येऊन लक्षात आलं की कित्येक महिन्यांपासून मला मनातून हेच हवं होतं, तिने जाऊ नये. ते मिळालं. तेव्हा माझी काळजी कितपत तिच्यासाठी आहे, हे मला तपासायला हवं. तपासलं. उत्तर मिळालं नाही. पण आई आठवते, ती खोटी नाही.

५ जुलै

दवाखान्यात जाऊन ताईसाठी वेळ घेतली. दोन रस्ते ओलांडून, डाक कचेरीच्या मागे. बारा तारीख. नोंदणीपाशी बसलेल्या मुलीने विचारलं, रुग्ण कोण. मी म्हटलं, माझी मोठी बहीण. "तुम्ही बघता का त्यांचं?" "हो," म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी स्वतःचा आवाज ओळखीचा वाटला.

लहान दोघं मनोऱ्यावर आली नाहीत. काल पण नव्हती. दादा एकटी ओरडत होती. तिने अजून शिकार केलेली नाही. मोठे आता आणत नाहीत. ती शिकली नाही तर मरेल, पुस्तकात हे एका वाक्यात दिलंय, स्वल्पविरामानंतर.

८ जुलै

सकाळी लवकर उठून खिडकीशी बसले. धुकं होतं, मनोऱ्याचा वरचा भाग तेवढा तरंगत होता. मादी आली. पंजात जिवंत पाखरू. दादा कठड्यावर उभी राहून ओरडायला लागली, पंख पसरून, घरट्यातल्यासारखी.

मादी तिच्या अगदी समोरून गेली. वळली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी वर चढली आणि पाखरू सोडून दिलं. ते धडपडत खाली गेलं, सावरलं, आणि दादा त्याच्या मागे धुक्यात बुडाली. पुढचं दिसलं नाही.

मादी तशीच हवेत घिरट्या घालत राहिली. खाली बघत. मग मनोऱ्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली, पाठ करून. दुर्बिणीतून मला तिची मान दिसत होती. पाठ इकडे, पण मान पुन्हा पुन्हा मागे वळत होती.

बराच वेळ दुर्बीण खाली ठेवता आली नाही.

दुरुस्ती: अकरा जूनच्या नोंदीत मी लिहिलंय की मादी कबुतर टाकून विसरून गेली. ते चूक आहे. ती विसरली नव्हती.

तेरा, सतरा, बावीस आणि सत्तावीस जूनच्या नोंदीही तपासल्या.

दुपारी जाऊन डॉक्टरांची वेळ रद्द केली. फोन करूनही झालं असतं, हे परत निघाल्यावर सुचलं. डाक कचेरीच्या वळणावर वरून काहीतरी तरंगत आलं. राखाडी, लहान. मग आणखी एक. मग पुष्कळ. कबुतराची पिसं, ऊन खात खात, अजिबात घाई नसल्यासारखी उतरत होती. रस्त्यातली दोन माणसं थांबली. मी मान वर केली, पण डोळ्यांत सूर्य आला. कोणी पकडलं, दादाने की आणखी कोणी, ते मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते लिहू नये. पिसं पाहिली. एक बाहीवर बसलं होतं, ते वहीत ठेवते.

९ जुलै

दुकानात गेले. ताई काज करत होती.

म्हटलं, "तिकीट काढ."

"आणि माझं डोकं?"

"ठीक आहे. मी चौकशी केली."

"कोणाकडे?"

"आहे एक ओळखीची."

ताईने सुई खाली ठेवली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल, तिलाही वाटलं असावं की मी बोलेन. बाहेर भाऊजी कोणाला तरी सांगत होते, सोडा, सोडा, क्लच हळू सोडा.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"कुठला?" ती म्हणाली, आणि लगेच, "हां, तो. बरा आहे."

मग तिने माझी वेणी विनाकारण सोडली आणि पुन्हा घातली. अजूनही केस ओढतेच.

१४ जुलै

बाजारातून आणून भाजी केली, भात केला, तिघांना पुरेल एवढा. आपल्या कपाटात तेल कुठल्या डब्यात आहे हे मलाच शोधावं लागलं. ताई तीन महिने नसणार, तेव्हा भाऊजींनाही वरूनच डबा जाईल असं ठरलंय. भाऊजींना पाणीसुद्धा उकळता येत नाही.

ते चाखून म्हणाले, "पहिल्या गिअरमध्ये आहे, पण गाडी चालतेय."

"मीठ कमी आहे," ताई म्हणाली आणि दुसऱ्यांदा घेतलं.

१८ जुलै

मनोरा रिकामा आहे. दोन दिवस झाले. मोठेही दिसत नाहीत. कठड्यावर थोडी पिसं आणि पांढरे ओघळ. पुस्तकात असं काही नाही की जाताना ती मागे वळून बघतात. खिडकी उघडी ठेवली आहे. पडदा आत येतो, बाहेर जातो.

ताईची बस उद्या सकाळी नऊला. बॅगेत भाचीसाठी इतकी दुपटी शिवून घेतलीत की बाळाला पाय मोकळे करायला जागा उरणार नाही. म्हणाली, "उद्या माझ्या खाण्याचं काही बघत बसू नकोस. वाटेत काहीतरी घेईन. आणि बस स्थानकावर यायचं नाही, लांब आहे, गर्दी असते. इथूनच हात कर खिडकीतून."

मी "बरं" म्हटलं. खोटं बोलले, त्याची इथे नोंद.

तिचा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे. इतके महिने तो खालून भरून आला आणि वरून रिकामा गेला. घासून पालथा घातलाय, खिडकीशी, वाळायला. शेवटच्या उन्हात त्याच्यावर मनोरा दिसतो, वाकडा, छोटासा.

उद्या: डबा भरून बस सुटायच्या आत ताईच्या खिडकीशी नेणे. विसरायचा नाही.